नागपुरातील घरबांधणी आणि भूखंडाची पारख

घर बांधावयाचे ठरले की नकाशाची चर्चा घरोघर होते. भूखंड मात्र बहुधा दर व रस्त्याची रुंदी एवढेच पाहून घेतला जातो. वस्तुतः घराच्या आयुष्याचा निर्णय बऱ्याच अंशी जमिनीच्या निवडीतच होऊन जातो.

नागपूर शहर दोन भिन्न पाषाणांवर वसले आहे. सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेस सामान्यतः बेसाल्ट, तर पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन असा पट्टिताश्म आढळतो. बेसाल्ट झिजून होणाऱ्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट वर्गाची खनिजे पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. ही हालचाल सर्वत्र सारखी होत नाही. म्हणूनच उथळ पाया उचलला जातो वा खचतो आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात.

वर पसरलेला मुरूम पाहून फसू नये. भूखंडावर एकाहून अधिक ठिकाणी घट्ट थर लागेपर्यंत खड्डे घ्यावेत. मातीचे फुगणे मोजण्याची रीतही सोपी आहे. चाळलेली कोरडी माती प्रत्येकी १० ग्रॅम घेऊन एका मापनळीत पाण्यात व दुसरीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवावी. रॉकेलमध्ये ती फुगत नाही; तेव्हा दोन्हींतील आकारमानाचा फरक रॉकेलमधील आकारमानाच्या टक्केवारीत काढला की फुगीचा निर्देशांक मिळतो. तो ५० च्या वर गेल्यास तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, म्हणजे अंडररीम्ड पाइलचा, विचार करावा लागतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. कोरड्या ऋतूत पाहिलेला भूखंड या बाबतीत काहीच सांगत नाही. जुन्या नाल्यांचा मार्ग, उतार व शेजाऱ्यांच्या भिंतींवरील पाण्याच्या खुणा पाहिल्या पाहिजेत.

तिसरा प्रश्न हक्काचा. सातबारा वा आखीव पत्रिका, मंजूर अभिन्यास व विकास आराखड्यातील आरक्षण ही तिन्ही परस्परांशी ताडून पाहावीत. गुंठेवारी भूखंडांच्या नियमितीकरणासाठी २००१ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला, यावरूनच अमंजूर भूखंडांच्या प्रश्नाची व्याप्ती ध्यानी येते.

सारांश, भूखंडाचा खरा दर म्हणजे खरेदीची किंमत अधिक पायाचा व भरावाचा खर्च. ही बेरीज केली असता स्वस्त भूखंड पुष्कळदा महागच ठरतो. आणि हक्क सदोष किंवा जागा पुराच्या वाटेतील असेल, तर कोणतीही बेरीज तो दोष भरून काढू शकत नाही.