न्हाणीतले दोन इंच पाणी

आज बाथरूमच्या कोपऱ्यातल्या जाळीबद्दल बोलू. ती तुंबली तरच आपले तिच्याकडे लक्ष जाते. आज ती उचला आणि आत टॉर्च मारा. खाली पाणी चमकले तर बरे. नुसता काळोख दिसला, तर तुमचे घर आणि इमारतीचे गटार यांच्यामध्ये सध्या कसलाही अडसर नाही.

त्या जाळीखाली जे भांडे बसवलेले असते त्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. तुम्ही बडोद्यात असा, बंगळुरूत असा की दिल्लीत, हार्डवेअरच्या दुकानात हाच शब्द चालतो. आपल्या न्हाणीशी नाते सांगणारा हा शब्द देशभरच्या प्लंबरांच्या तोंडी आहे, पण न्हाणी वापरणाऱ्या आपल्याला तो ठाऊक नसतो.

ट्रॅपचे काम अगदी साधे. पाइपला वाक दिलेला असतो, त्यामुळे सांडपाणी पुढे गेले तरी थोडे पाणी वाकात उरते. साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. पाण्याचा हा थर खालची हवा वर येऊ देत नाही. याला 'वॉटर सील' म्हणतात. 1775 साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या पाइपला एस अक्षरासारखा वाक देऊन पेटंट घेतले. आजही तत्त्व तेच आहे. ना झडप, ना स्प्रिंग, ना वीज. पाणी असेपर्यंत दार बंद, पाणी आटले की दार उघडे.

आता तुम्ही म्हणाल, उघडे राहिले तर काय होईल, थोडा वास येईल. वास म्हणजे रोग नव्हे, हे खरेच आहे. एकोणिसाव्या शतकात दुर्गंधीतूनच रोग होतात असा समज होता. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारे धुण्यावर केवढा भर दिला गेला, आणि रोग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमधून. पुढे जंतुशास्त्र आले आणि गटाराच्या हवेची भीती मागे पडली. ती पुन्हा विचारात घ्यावी लागली 2003 मध्ये, हाँगकाँगला.

तिथे कौलून भागात 'अमॉय गार्डन्स' नावाचे गृहसंकुल आहे. 33 मजली इमारती, प्रत्येक मजल्यावर आठ घरे. मार्च 2003 मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचा एक रुग्ण 'ई' ब्लॉकमधल्या आपल्या भावाकडे येऊन गेला. त्याला सार्स झाला होता आणि जुलाबही होत होते. त्याने भावाकडचा संडास वापरला. त्यानंतर काही दिवसांतच संकुलातले रुग्ण झपाट्याने वाढले. महिनाअखेर 'ई' ब्लॉक सील करावा लागला आणि रहिवाशांना दुसरीकडे हलवावे लागले. अखेर या एका संकुलात 329 लोकांना सार्स झाला आणि 42 जण दगावले. त्या साथीत साऱ्या हाँगकाँगमध्ये मृत्यू झाले 299. म्हणजे सात मृत्यूंमागे एक या एका संकुलातला.

कोडे असे होते की या माणसांचा एकमेकांशी संबंध नव्हता. कोणी वरच्या मजल्यावरचा, कोणी खालच्या. मग तपास पाइपांपर्यंत गेला.

'ई' ब्लॉकमध्ये आठ उभे मैल्याचे पाइप होते. एकावर एक असलेल्या घरांचे संडास, बेसिन आणि बाथरूमची जाळी एकाच उभ्या पाइपला जोडलेली. संडास आणि बेसिन रोज वापरात, त्यामुळे त्यांच्या वाकात पाणी होते. जाळीखालचे ट्रॅप मात्र बऱ्याच घरांत कोरडे पडले होते. कारण काय, तर तिथले लोक फरशी बादलीने धूत नव्हते, मॉपने पुसत होते. स्वच्छतेत काही कसूर नव्हती. फक्त जाळीत पाणी जात नव्हते.

यात भर पडली एक्झॉस्ट फॅनची. दार लावून पंखा सुरू केला की आतली हवा बाहेर जाते आणि खोलीत किंचित ओढ तयार होते. ती भरून काढायला हवा कुठून तरी यायला हवी. ट्रॅप कोरडा असेल तर ती येते मैल्याच्या पाइपमधून. वरून मैलापाणी आदळत खाली येताना पाइपमध्ये सूक्ष्म तुषार उडतात. ते हवेबरोबर बाथरूममध्ये आले. पंख्याने ते इमारतीच्या चिंचोळ्या डक्टमध्ये फेकले, आणि तिथून वर चढत ते इतर घरांच्या खिडक्यांतून आत शिरले. चौथ्या मजल्याजवळ व्हेंट पाइपला तडाही सापडला. सरकारच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासात हेच चित्र पुढे आले. 2020 मध्ये कोविडच्या वेळी चीनमधल्या ग्वांगझू शहरात 15, 25 आणि 27 या मजल्यांवरच्या, एकाच उभ्या रेषेतल्या तीन घरांत नऊ जण आजारी पडले, तेव्हाही संशोधकांची नजर कोरड्या ट्रॅपकडेच गेली.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. रोज असे घडत नाही. पण आपल्याकडे ट्रॅप कसे निकामी होतात ते पाहिले, तर हाँगकाँग फार लांब वाटत नाही.

आपण फरशीवर बादली ओततो म्हणून जुन्या घरांतली न्हाणी सहसा कोरडी पडत नाही. नव्या फ्लॅटमध्ये मात्र काचेचे पार्टिशन घालून 'ड्राय एरिया' काढतात. तिथल्या जाळीत महिनोन् महिने थेंब जात नाही. बाल्कनीतली जाळी, पाहुण्यांचे बाथरूम, मे महिन्यात गावी जाताना कुलूप लावलेले घर, सगळीकडे तेच. परतल्यावर दार उघडताच जो भपकारा येतो तो बंद घराचा म्हणून आपण खिडक्या उघडतो. खरे तर जाळीत पाणी ओतायला हवे.

दुसरा प्रकार मला जास्त खटकतो. काही ट्रॅपमध्ये जाळीखाली उलटी वाटी असते. तिची कड पाण्यात बुडालेली राहते, म्हणून सील टिकते. तिच्यात केस अडकतात, पाणी हळू जाते. मी भाड्याने राहत असलेल्या एका घरात तुंबलेले पाणी मोकळे करायला आलेल्या माणसाने ती वाटी काढली आणि म्हणाला, "काका, आता कधी तुंबणार नाही." तुंबले नाहीच. झुरळे मात्र रोज रात्री येऊ लागली. वाटी परत बसवायची असते हे कळायला मला दोन वर्षे लागली.

वॉशबेसिनखालचा घड्यांचा प्लास्टिक पाइप तर बहुतेक घरांत नुसता भोकात खोचलेला असतो. त्याला वाक नाही, भोवतीची फट मोकळी. भोकाच्या तोंडाशी रबरी बूच आणि बेसिनखाली बॉटल ट्रॅप, एवढे पुरते.

गच्चीवरच्या व्हेंट पाइपचे तोंड काही सोसायट्या डासांसाठी किंवा वासामुळे सिमेंटने बुजवतात. तसे करू नका. वरून पाण्याचा लोंढा खाली जाताना मागे ओढ तयार होते. व्हेंटमधून हवा मिळाली नाही, तर ती ओढ घराघरांतल्या ट्रॅपमधले पाणी शोषून घेते. फ्लश ओढल्यावर न्हाणीत गुडगुड आवाज येतो तो याचाच. डास नको असतील तर तोंडाला बारीक जाळी बांधा. हवा चालू राहते, डास अडतात.

हाँगकाँगमध्ये पुढे काही इमारतींत बेसिनचे पाणी आपोआप जाळीखालच्या ट्रॅपमधून जाईल अशी रचना आली, आणि तिथला आरोग्य विभाग आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत अर्धा लिटर पाणी ओतायला सांगतो. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास जातात. त्यात एवढे विचारून घ्या की कुलूपबंद फ्लॅटची किल्ली कोणाकडे आहे. त्या घरातला कोरडा ट्रॅप तुमच्याच उभ्या पाइपवर आहे. लांब जायचे असेल तर जाळीत पाणी भरून वर चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाचा तवंग पाणी लवकर उडू देत नाही.