पिस्या

नको, तो फोटो पुसू नकोस. हललेला आहे, अंधारातला आहे, पुठ्ठ्याच्या खोक्याशिवाय त्यात काही दिसत नाही, सगळं खरं. पण त्या सहलीतला मला सगळ्यात जवळचा फोटो तोच. ये, बस इथे. धाकटीलाही हाक मार. त्या खोक्यात कोण होतं ते सांगतो.

आजी आणि मी आइसलँडला गेलो होतो ना, तेव्हाची गोष्ट. ऑगस्टचा तिसरा आठवडा होता. धबधबे झाले, गरम पाण्याची कारंजी झाली, मग आम्ही बोटीत बसून दक्षिणेकडच्या वेस्टमन बेटांवर गेलो. त्यातल्या हेमाए नावाच्या एकाच बेटावर गाव आहे, चार हजारांच्या आसपास वस्तीचं. १९७३ च्या जानेवारीत एका मध्यरात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली आणि ज्वालामुखी उसळला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी बंदरातच होत्या, म्हणून जवळजवळ सगळं गाव रातोरात बोटींतून बाहेर पडू शकलं. पुढे लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला, तर या लोकांनी समुद्राचंच पाणी पंपाने त्याच्यावर महिनोन् महिने ओतून त्याला थोपवला. बंदर वाचलं. अशी ही चिवट माणसं, बरं का.

आम्ही गेलो होतो पफिन पक्षी बघायला. हा बघ, दिवसाचा फोटो. काळी पाठ, पांढरं पोट, केशरी पाय, आणि चोच तर रंगपंचमीत बुडवून काढल्यासारखी. हे रंग कायमचे नसतात. चोचीवरचे ते रंगीत तुकडे विणीच्या हंगामापुरते असतात. हंगाम संपला की गळून पडतात आणि चोच लहान, करडी दिसायला लागते. चोचीत मासे बघ किती आहेत, मोज. आठ? मलाही आठच दिसले. मांदेलीएवढे बारीक, लांबट मासे. आता विचार कर, चोचीत सात मासे असताना आठवा पकडायला चोच उघडली तर आधीचे सात पडायला नकोत का? त्याची जीभ खरखरीत असते आणि टाळूला आत वळलेले काटे असतात. पकडलेले मासे जिभेने टाळूवर दाबून धरायचे आणि चोचीचं टोक पुढच्या माशासाठी मोकळं ठेवायचं. ही करामत डोळ्यांनी बघायला मिळाली म्हणून मी त्या कड्यावर दोन तास वाऱ्यात बसलो. आजी थर्मासमधला चहा देत राहिली.

उडतानाचे फोटो मात्र फार थोडे साधले. पफिनचे पंख अगदी तोकडे. वजन अर्धा किलो आणि पंख वितीएवढे, त्यामुळे उडताना ते मिनिटाला चारशे वेळा फडफडतात. मोठे का नाहीत म्हणतेस? छान विचारलंस. तलावात बुडी मारून छत्री उघडायला गेलीस तर जमेल का? मोठ्या पंखाचं पाण्याखाली तसंच होतं. पफिन पाण्यात पंखांनीच पोहतो, वल्ह्यासारखे मारतो, साठ मीटर खोल जातो. हवेला मोठा पंख हवा, पाण्याला लहान. त्याने मधला मार्ग काढलाय. त्याची किंमत अशी, की सपाट जमिनीवरून त्याला सहज उडता येत नाही. त्याला कडा लागतो, उतार लागतो, समोरून वारा लागतो.

हे लक्षात ठेव, आता खोक्याकडे येतो.

पफिन मातीत बीळ करतो, हातभर खोल. आत एकच अंडं. पिल्लू सहा आठवडे त्या अंधारात मासे खाऊन वाढतं. शेवटच्या दिवसांत आईबाप मासे कमी आणायला लागतात. पिल्लाला उडायला कुणी शिकवत नाही, समुद्र कुणी दाखवत नाही. एका रात्री ते एकटंच बिळाच्या तोंडाशी येतं आणि कड्यावरून स्वतःला झोकून देतं. रात्रीच का? दिवसा मोठे कुरव पक्षी टपलेले असतात.

आणि अंधारात समुद्र कुठे आहे ते कळतं कसं? आपण वेळासला गेलो होतो, आठवतं? कासवाची पिल्लं वाळूतून निघाली की उजेडाकडे धाव घेतात, कारण रात्री आकाशाचा उजेड घेऊन समुद्र जमिनीपेक्षा किंचित उजळ दिसतो. म्हणून तिथले काका सांगत होते, रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या नकोत. पफिनचंही तसंच असावं असं मानतात. लाखो वर्षं हा हिशेब बरोबर होता, कारण रात्री सगळ्यात उजळ काय, तर समुद्र आणि चंद्र. मग माणसाने बंदरावर दिवे लावले. पिल्लं चुकून गावाकडे येतात, रस्त्यावर उतरतात. आणि एकदा सपाट डांबरावर उतरलं की संपलं. तिथून उडता येत नाही. मग मोटारी, मांजरं, भूक.

म्हणून त्या गावातली मुलं दर वर्षी या दिवसांत रात्री जागतात. तुमच्याएवढी मुलं! त्यांना उशिरापर्यंत बाहेर राहायची परवानगी असते. हातात पुठ्ठ्याचं खोकं, विजेरी, बरोबर आई नाहीतर बाबा. आम्ही उतरलो होतो त्या घरातली मुलगी रात्री अकराला आजीला म्हणाली, चला. इंग्रजी थोडं तिला येत होतं, थोडं आजीला. आजीने शाल गुंडाळली आणि निघाली. माशांच्या गोदामामागे, गाड्यांच्या खाली, कुंपणाच्या कडेला शोधत फिरलो. एका ट्रकच्या चाकामागे काहीतरी हललं. मुलगी पालथी पडली, हात आत घातला आणि दोन्ही तळव्यांत एक करडं गाठोडं घेऊन उठली. रंगीत चोच नाही, केशरी पाय नाहीत. ओळखलंच नसतं मी. वजन पाव किलोच्या आसपास, तोंड धुरकट, कानशिलाशी थोडी मऊ लव चिकटलेली.

पफिनच्या पिल्लाला ते लोक पिस्या म्हणतात. त्यांच्या भाषेत तो शब्द आहे, आपल्या पिसाशी त्याचं काही नातं नाही. पण आजीला तो इतका आवडला की ती रात्रभर 'पिस्या, पिस्या' म्हणत होती. फ्लॅश मी वापरला नाही. आधीच दिव्यांनी चुकलेलं पिल्लू, त्याच्या डोळ्यांवर आणखी उजेड कशाला मारायचा? म्हणून फोटो असा आलाय.

रात्रभर पिस्या खोक्यात. आत खुडबुड चालू होती. सकाळी त्याचं वजन करून घेतलं. हे वजन नुसती हौस म्हणून करत नाहीत. पिल्लं हलकी भरली तर समजायचं की समुद्रात त्या वर्षी बारीक मासे कमी होते. पाणी तापलं की ते मासे घटतात, आणि गेल्या वीस वर्षांत या बेटांवर असे हंगाम आले की बिळांत पिल्लं उपाशी मेली. जगातली पफिनची सगळ्यात मोठी वस्ती इथे आहे, तरीही हा पक्षी आज धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. आमच्या पिस्याचं वजन बरं भरलं, तेव्हा त्या मुलीने टाळी वाजवली. मीही वाजवली.

मग कड्यावर गेलो. मुलीने आजीला दाखवलं: पंखांसकट दोन्ही हातांत धरायचं, हात खाली न्यायचे आणि झोक्यासारखे वर आणून सोडून द्यायचं. आजीचे हात थरथरत होते. दोनदा खाली नेले आणि तसेच थांबले. कड्यावरून एक जीव फेकायचा, तिला सोसेना. मुलगी काही बोलली नाही, नुसती शेजारी उभी राहिली. तिसऱ्यांदा आजीने सोडलं.

आधी तो पडलाच. माझ्या पोटात गोळा आला. मग ते तोकडे पंख भराभर हलले, पाण्याच्या जरा वर तो सरळ झाला आणि निघाला.

आता तो कुठे असेल? समुद्रावर. थंडी, वादळं, मोठ्या लाटा, सगळं तिथेच. दोन-तीन वर्षं तो जमिनीला पाय लावत नाही. तू आता तिसरीत आहेस. तू पाचवीत जाशील तेव्हाही तो पाण्यावरच झोपत असेल.

पुढचा फोटो बघ. रिकामा समुद्र म्हणतोस? रिकामा नाही. इकडे, उजव्या कोपऱ्यात, लाटेच्या जरा वर. मोठा करून बघ. तो ठिपका.