पंपाला हुकूम कोणाचा? दूरनियंत्रित यंत्रे आणि विश्वास

ठाणे जिल्ह्यात कल्याण, मुरबाड व शहापूर या भागांत भाताच्या कापणीनंतर भेंडी, काकडी इत्यादी भाजीपाला घेण्यात येतो. पंप विहिरीवर किंवा नदीकाठी, घरापासून दूर असतो. अशा ठिकाणी मोबाईलवरून चालणारा स्टार्टर उपयोगी पडतो. त्यात सिमकार्ड असते व नोंदविलेल्या क्रमांकावरून फोन अथवा संदेश येताच पंप सुरू होतो.

सोय मोठी आहे. परंतु यंत्रास माणूस दिसत नाही, केवळ हुकूम पोहोचतो. तो परक्याचा असल्यास कोरड्या विहिरीवर मोटार चालून जळते. आणि त्याच वेळी कोणी तारा जोडीत असेल, तर त्याच्या जिवावर बेतते.

म्हणून प्रत्येक हुकुमाबाबत तीन गोष्टी पाहाव्या लागतात: हुकूम देणारा कोण, त्यास तो देण्याचा अधिकार आहे काय आणि त्याचे आजवरचे वर्तन कसे आहे. धुळे-नाशिक भागातील जुन्या फड पद्धतीत हेच तत्त्व होते. पाटकरी पाटाचे पाणी पाही, बारेकरी शेतास पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी. गावाचा विश्वास सर्वांवर होता. तरी प्रत्येकाचे काम नेमून दिलेले होते. यंत्रांनाही असाच मर्यादित अधिकार द्यावा. जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या यंत्राने माप कळवावे. मोटार सुरू करण्याचा अधिकार त्यास नसावा. शेजारची दोन यंत्रे ओल दाखवीत असता एकच कोरड दाखवू लागले, तर तपासणी होईपर्यंत त्यावरील विश्वास कमी करावा.

निष्काळजीपणाचा परिणाम जगाने पाहिला आहे. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले सांकेतिक शब्द मालकांनी बदललेच नव्हते, हे त्याचे मुख्य कारण होय.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई व ठाणे परिसराची वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता वर्तविली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. कारण कोणतेही असो, कोणता हुकूम कोणी व केव्हा दिला याची नोंद असल्याखेरीज असा निवाडा होत नाही.

शेतकऱ्यांनी पुढील दक्षता घ्यावी:

१. स्टार्टर बसविताच मूळ सांकेतिक शब्द बदलावा. केवळ क्रमांकावर विसंबू नये. खोटा क्रमांक दाखवून फोन करता येतो.

२. घरातील गरजेपुरतेच क्रमांक नोंदवावेत. गडी काम सोडून गेल्यास किंवा सिम बंद झाल्यास त्याच दिवशी तो क्रमांक काढून टाकावा. बंद क्रमांक कालांतराने दुसऱ्यास मिळतो.

३. मोटार केव्हा चालू व बंद झाली, याची नोंद आठवड्यातून एकदा पाहावी.

४. पाणी नसता मोटार आपोआप बंद करणारी योजना जोडून घ्यावी.

५. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच हाताने बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवावा. मोबाईलवरील ‘बंद’ या संदेशावर जीव सोपवू नये.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व सहायक कृषी अधिकाऱ्यांनी नव्या स्टार्टरची पाहणी करताना प्रथम सांकेतिक शब्द बदलला आहे काय, हे विचारावे. विहिरीच्या खोलीची किल्ली जो जपतो, त्याने पंपाची ही न दिसणारी किल्लीही तितक्याच काळजीने जपली पाहिजे.