'लोड' की 'लोडिंग'? पार्टीला मेल लिहिण्याआधी एवढं बघा

जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय टॅग मिळाला, 2021 मध्ये तांदलवाडीची केळी दुबईला गेली. म्हणजे आपल्या रावेर-यावलच्या व्यापाऱ्यालाही आता इंग्रजीत मेल लिहायची वेळ येते. आणि तिथे एका 'इंग'ने अर्थ बदलतो, बरं का.

ही दोन वाक्यं बघा:

1. आय सॉ देम लोड द ट्रक.
2. आय सॉ देम लोडिंग द ट्रक.

पहिल्याचा अर्थ, ट्रक पूर्ण भरून होईपर्यंत मी पाहिलं. दुसऱ्याचा अर्थ, मी पाहिलं तेव्हा भरणं चालू होतं. पुढे पूर्ण भरला का? ते वाक्य सांगत नाही.

आता समजा, माल पोचल्यावर पाच खोके कमी निघाले. तुम्ही शेवटपर्यंत उभे होतात, पण मेलमध्ये 'लोडिंग' लिहिलं, तर तुमची बाजू कमजोर पडते. उलट, तुम्ही पाच मिनिटं डोकावून निघून गेलात आणि 'लोड' लिहिलं, तर न पाहिलेल्या मालाची जबाबदारी अंगावर येते.

आपली गडबड कुठे होते? मराठीत 'भरताना पाहिलं' हे पटकन तोंडात येतं आणि 'ताना' म्हटलं की आपण 'इंग' लावतो. म्हणून आधी मनात मराठी वाक्य नीट करा. 'ते ट्रक भरत होते, तेव्हा पाहिलं' असेल तर लोडिंग. 'त्यांनी ट्रक भरला, ते मी पाहिलं' असेल तर लोड.

सी, हिअर, वॉच, फील, नोटिस या सगळ्यांना हाच नियम. धुळ्यातल्या दुकानात गल्ला मोजून झालेला पाहिला, तर 'आय वॉच्ड हिम काउंट द कॅश'. मोजणं चालू असताना पाहिलं, तर 'काउंटिंग'.

अजून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- मध्ये 'टू' नको. 'आय सॉ हिम टू काउंट' चूक. पॅसिव्हमध्ये मात्र 'टू' लागतो: 'ही वॉज सीन टू टेक द कॅश'.
- क्षणात होणारी क्रिया असेल तर 'इंग'ने ती परत परत झाली असं वाटतं. 'आय हर्ड द शटर बँग' म्हणजे एकदा आपटलं. 'बँगिंग' म्हणजे आपटतच होतं.
- 'स्मेल'नंतर 'इंग'च: 'आय कॅन स्मेल द वायर बर्निंग'.

आज दुकानात पाहिलेल्या एका कामाची दोन्ही वाक्यं वहीत लिहा. मग स्वतःला विचारा: मी यातलं खरंच किती पाहिलं?