मास्क रात्री दोनला निघतो

रात्रीच्या कोकणकन्येत एखादे काका घोरू लागले की डबा आधी वैतागतो, मग हसतो आणि शेवटी झोपी जातो. त्याच काकांच्या घरी काकूंना मात्र झोप नसते. त्यांचा कान घोरण्याकडे नसतो, ते थांबतं कधी तिकडे असतो. दहा, वीस, तीस सेकंद आवाजच नाही. मग घशातून मोठा आचका, कूस बदलणं आणि पुन्हा घर्र. डॉक्टरांकडे निम्मी माहिती काकूंकडूनच येते, कारण काकांच्या मते ते ‘गाढ झोपलेले’ असतात.

झोपेत स्नायू सैलावतात. जीभ मागे पडते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि घशातली वाट मिटते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू क्षणभर जाग आणतो आणि वाट उघडते. सकाळी यातलं काही आठवत नाही. उरतं ते जड डोकं आणि दुपारच्या पेंगा. हाच स्लीप ॲप्निया. स्लीप स्टडीत श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबण्याचे, बराच कमी पडण्याचे प्रसंग मोजतात. तासाला ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं आणि हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला.

१९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाने त्याला नकार दिला. तेव्हा सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली. हवा ओढण्याऐवजी ती रुग्णाच्या नाकात सोडायची. नळी नाकाशी सिलिकॉनने चिकटवलेली. घसा आतून फुगलेला राहिला आणि माणूस शांत झोपला. आजचं सीपॅप मशीन त्याच मोटरचं सुधारलेलं रूप. त्याचा दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो. तो नीट बसवला की श्वासाचे अडथळे जवळपास नाहीसे होतात.

दुसरा उपाय दंतवैद्याकडचा. उताणं पडून खालचा जबडा जरा पुढे काढून पाहा. जिभेचं मूळ त्याच्याबरोबर पुढे ओढलं जातं. वरच्या आणि खालच्या दातांच्या मापाचे दोन साचे बनवून, खालचा जबडा रात्रभर तसा पुढे धरून ठेवणारं हे उपकरण. रुग्ण त्याला माउथपीस म्हणतात. बाजूच्या बारीक स्क्रूने जबडा दर आठवड्याला थोडा थोडा पुढे आणतात. वीज नको, आवाज नाही, प्रवासात खिशात मावतं. पण धरायला पुरेसे भक्कम दात हवेत. संपूर्ण कवळी असेल तर ते टिकत नाही. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा ठणकतो, आणि काही वर्षांनी दातांची ठेवण थोडी बदलू शकते.

कागदावर मशीन सरळ जिंकतं. सिडनीच्याच एका संशोधनात मध्यम आणि तीव्र आजाराच्या रुग्णांना दोन्ही उपाय एकेक महिना दिले. मशीनवर श्वासाचे अडथळे तासाला ४.५ वर आले, माउथपीसवर ११.१ वर. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र दिवसाची पेंग आणि एकूण तब्येत यांत माउथपीस मागे पडलं नाही. कारण बहुधा वापरात आहे. मशीन रात्री सरासरी ५.२ तास लागलं, माउथपीस ६.५ तास.

एक कच्चा हिशेब मांडू. तासाला ४० अडथळे, आठ तासांची झोप, म्हणजे रात्री ३२०. मशीनने ते तासाला २ वर आणले, पण मशीनचा नाकावरचा मास्क चार तासांनी निघाला, तर ८ अधिक १६०, म्हणजे १६८. माउथपीसने अडथळे फक्त निम्मे केले, पण ते रात्रभर तोंडात राहिलं, तर १६०. वर आणखी एक गोम आहे. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते, तेव्हा स्नायू सर्वांत ढिले असतात आणि श्वास जास्त वेळ अडकतो. नाक कोरडं पडलं, पट्टा गालात रुतला, म्हणून रात्री दोनला मास्क उशाशी ठेवणारा माणूस नेमके वाईट तास उघडे सोडतो.

यावरून माउथपीसच बरं, असं मी म्हणणार नाही. तासाला चाळीस-पन्नास अडथळे असतील, ऑक्सिजन खूप उतरत असेल, तर पहिला मान मशीनचाच. मास्कचा आकार बदलून, हवेला ओलावा देऊन अनेकांचं जमतं, आणि एवढा प्रयत्न न करता हात टेकणं मला पटत नाही. आजार सौम्य किंवा मध्यम असेल, किंवा मशीन काही केल्या सोसत नसेल, तर माउथपीस हा दुय्यम नव्हे, योग्य उपाय आहे. फक्त गुण सर्वांना सारखा येत नाही.

आणि मशीन तास मोजून ठेवतं, साधं माउथपीस मोजत नाही. वरच्या अभ्यासातले माउथपीसचे तासही रुग्णांच्या सांगण्यावरचेच होते. घोरणं थांबलं म्हणजे श्वास मोकळा झाला असंही नाही. म्हणून स्लीप स्टडी न करता ऑनलाइन मिळणारे तयार साचे मागवू नका, आणि जबडा पुढे आणून झाला की माउथपीस तोंडात ठेवूनच ती तपासणी पुन्हा करून घ्या.