सूर्यबिंबाचे निरीक्षण : लहान दुर्बिणीचे मोठे काम

कौलारू घरात दुपारच्या वेळी जमिनीवर पडणारे वाटोळे कवडसे सर्वांच्या परिचयाचे आहेत. कौलांमधील फट तिकोनी असो वा वाकडीतिकडी असो, ती लहान आणि पुरेशा उंचीवर असली म्हणजे कवडसा वाटोळाच पडतो. याचे कारण असे की, तो फटीचा आकार दाखवीत नसून प्रत्यक्ष सूर्याचे बिंब दाखवीत असतो. सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असून त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे अंतर हे व्यासाच्या साधारणतः १०८ पट भरते. कवडशासही हेच प्रमाण लागू पडते. तीन मीटर उंचीवरील भोकातून सरळ खाली पडणारा कवडसा सुमारे २८ मिलिमीटरचा असतो. सूर्यनिरीक्षणाचे पहिले व सर्वांत निर्धोक साधन हे असे बिनखर्चाचे आहे.

कवडशात मात्र सूर्यावरील डाग क्वचितच उमटतात. त्यासाठी दुर्बीण हवी. आणि दुर्बीण आली की धोकाही आला. दुर्बिणीची भिंगे सूर्याचा प्रकाश व उष्णता एकवटून डोळ्यात सोडतात. दृष्टिपटलास वेदनेची जाणीव नसल्यामुळे इजा होत असताना काहीच कळत नाही. दृष्टीच्या मध्यभागी डाग आल्याचे काही तासांनी लक्षात येते आणि तो कायमचाही राहू शकतो. सुरक्षित पाहण्यासाठी सूर्याचा प्रकाश सुमारे एक लक्षांशापर्यंत कमी व्हावा लागतो. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, गॉगल यांपैकी कशाचाही या कामी भरवसा धरता येत नाही.

आपल्याकडे ग्रहण परातीतील शेणाच्या किंवा हळदीच्या पाण्यात पाहण्याची पद्धत आहे. त्यामागे डोळे जपण्याचाच हेतू दिसतो. परंतु प्रकाश परत फिरवते ती पाण्याची वरची सपाटी, त्यात काय कालवले आहे याचा तेथे फारसा संबंध नसतो. ही सपाटी निदान दोन टक्के प्रकाश परावर्तित करते, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या दोन हजार पट. ही रीत सोडलेली बरी.

कागदावर उतरविलेला सूर्य

शाळेसाठी सर्वांत योग्य रीत प्रक्षेपणाची आहे. गॅलिलिओने १६१२ साली सूर्यावरील डागांची चित्रे काढली ती याच रीतीने, आणि ती युक्ती त्याचा शिष्य कास्तेली याची होती. पाच-सहा सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची साधी दुर्बीण घ्यावी. भिंग मोठे असल्यास तोंडावर पुठ्ठा बसवून त्यास पाच सेंटिमीटरचे भोक पाडावे. दुर्बिणीला जोडलेली लहान शोधक-दुर्बीण प्रथम झाकून टाकावी. कारण मुख्य दुर्बिणीची काळजी घेणारे पुष्कळदा हिच्याकडेच दुर्लक्ष करतात. नळी सूर्याकडे वळविताना तिच्यातून किंवा तिच्यावरून नेम धरू नये. जमिनीवरील नळीच्या सावलीकडे पाहावे. ती आखूड होत होत वाटोळी झाली, म्हणजे नळी सूर्यासमोर आली असे समजावे.

यानंतर नेत्रभिंगामागे हातभर अंतरावर पांढरा कागद धरला की त्यावर बिंब उमटते. नळीभोवती पुठ्ठ्याची चकती बसविल्यास कागदावर तिची सावली पडून बिंब ठळक होते. नेत्रभिंग साधे, जुन्या पद्धतीचे असावे. चिकटविलेल्या भिंगांचे किंवा प्लॅस्टिकचे नेत्रभिंग उष्णतेने खराब होते. दुर्बिणीपाशी शिक्षकाने सतत उभे राहावे. एखाद्या मुलाने सहज डोळा लावला तर तो एक क्षणही पुरेसा असतो.

कागदावर १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आधीच काढून बिंब त्यात बसवावे. पृथ्वीच्या परिवलनामुळे बिंब दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतके सरकते. सरकताना त्याची जी कड पुढे असते ती सूर्याची पश्चिम बाजू, म्हणजे दिशा ठरविण्यास वेगळे साधन लागत नाही. डागांना गडद गाभा व भोवती फिकट किनार दिसते. हे डाग प्रत्यक्षात काळे नसतात. भोवतालचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापलेला असतो, डाग त्याहून हजार-दोन हजार अंशांनी थंड असतात, एवढाच फरक आहे. तेथील प्रबळ चुंबकीय क्षेत्र खालून येणारी उष्णता अडवून धरते. लागोपाठ दोन आठवडे चित्रे काढल्यास डाग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात, आणि सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो हे मुलांना स्वतःच्या वहीत सापडते.

दुर्बिणीतून थेटच पाहावयाचे असेल, तर सूर्यासाठी खास तयार केलेली गाळणी नळीच्या तोंडावर, म्हणजे वस्तुभिंगापुढे, वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट बसवावी. प्रत्येक वेळी ती दिव्यासमोर धरून तिला बारीक भोके पडली नाहीत ना, हे पाहावे. स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रभिंगात बसवावयाची लहान काळी काच मिळते, ती टाकून द्यावी. सर्व उष्णता तिच्यावरच एकवटून ती ऐन वेळी तडकते. हायड्रोजन वायूचा तांबडा प्रकाश तेवढा वेगळा काढणाऱ्या खास सौरदुर्बिणीही आता मिळतात व त्यांतून सूर्याच्या कडेवरील वायूच्या कमानी दिसतात. परंतु त्या महाग असतात, आणि आरंभासाठी त्यांची गरज नाही.

हौशी निरीक्षकांची कामगिरी

जर्मनीतील डेसाऊ गावचा औषधविक्रेता हाइन्रिख श्वाबे याने १८२६ पासून जवळजवळ प्रत्येक निरभ्र दिवशी डागांची नोंद ठेवली. तो शोधत होता बुधाच्याही आतील एक ग्रह. तो ग्रह नाहीच. पण सतरा वर्षांच्या नोंदींवरून डागांची संख्या सुमारे दहा वर्षांनी कमीअधिक होते, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे हा काळ सरासरी अकरा वर्षांचा ठरला. श्वाबेपासून स्फूर्ती घेऊन रुडॉल्फ वोल्फ याने १८४८ मध्ये मोजणीची जी रीत घातली ती आजही चालू आहे. गटांच्या संख्येस दहाने गुणावे व त्यात सुट्या डागांची संख्या मिळवावी. तीन गटांत मिळून अकरा डाग असतील तर संख्या ४१ येते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा अशाच रीतीने कागदावर डाग उतरवीत असताना एका मोठ्या गटावर दोन झगझगीत प्रकाशबिंदू अकस्मात उजळले आणि पाचेक मिनिटांत विझले. सौरज्वालेची ही पहिली नोंद होय. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले व युरोप-अमेरिकेतील तारखात्याचे काम कोलमडले. त्या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईस झाली. कुलाबा वेधशाळेतील कर्मचाऱ्यांनी त्या दिवशी उपकरणांवरील आकडे थोड्या थोड्या अंतराने लिहून ठेवले होते. त्यांत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे दिसते, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या वादळाची तीव्रता याच आकड्यांवरून अजमावण्यात आली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हा उपकरणे बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेण्यात आले. तेथे ते आजतागायत सुरू आहे. मुंबईचे आकडे लिहिणाऱ्यांना रेडहिलची वार्ता नव्हती, आणि कॅरिंग्टनला कुलाब्याची!

टोकियोच्या हिसाको कोयामा यांचे उदाहरणही असेच आहे. छंद म्हणून सूर्याकडे वळलेल्या या बाईंनी तेथील विज्ञान संग्रहालयातील दुर्बिणीवर चाळीसहून अधिक वर्षे काम करून दहा हजारांवर चित्रे काढली. जुन्या-नव्या नोंदी परस्परांशी ताडून पाहताना संशोधकांना त्यांचा आधार घ्यावा लागतो.

२०२३ मध्ये भारताने आदित्य-एल१ यान सोडले असून त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत सिद्ध झाली. अशा काळात लहान दुर्बिणीचे काय काम, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु डागांची नोंद चार शतकांची आहे. ती सलग राहावयाची तर जुन्या रीतीची, डोळ्यांनी मोजणारी निरीक्षणे चालूच राहावी लागतात. ब्रुसेल्स येथील जागतिक केंद्राकडे १९८१ पासून हे काम आहे व तेथे जमणाऱ्या नोंदींत हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा आहे. एका ठिकाणी ढग असले की दुसऱ्या ठिकाणची नोंद उपयोगी पडते. महाराष्ट्रातील निरीक्षकाची वही तर जून ते सप्टेंबर बहुतांशी कोरीच राहावयाची. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ पासून कार्य करणारी मंडळी या विषयात शाळांना मार्गदर्शन करू शकतात.

१६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाच्या दुपारी अनेक शहरांतील रस्ते ओस पडले होते व मुलांना दारेखिडक्या बंद करून घरात बसविण्यात आले होते. डोळ्यांविषयीची भीती खरी होती. पण घरात बसलेल्या मुलाला त्या भीतीचे कारणही कोणी सांगितले नाही आणि निर्धोकपणे पाहण्याची रीतही शिकविली नाही. येत्या २ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढ अमावास्येला, महाराष्ट्रातून सूर्यास्तापूर्वी खंडग्रास ग्रहण दिसावयाचे आहे. दिवस पावसाचे आहेत. तरीही त्या दुपारी ढग थोडे फाटले, तर पुठ्ठ्याला सुईने पाडलेले एक भोक आणि भिंतीवर लावलेला पांढरा कागद एवढ्यावर साऱ्या वर्गाला सूर्याची एक बाजू कमी झालेली दिसेल. कौलांतून पडणारे कवडसेही तेवढा वेळ वाटोळे नसतील.