'सापडलं नाही' आणि 'आधीच आहे'

वेबपानांवरची माहिती आपोआप उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रेपर, पायथनमध्ये लिहायला बसलेल्या बहुतेकांच्या वाट्याला सुरुवातीलाच एक अजब संवाद येतो. प्रोग्रॅम चालवला की पायथन म्हणतो, 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर : नो मॉड्यूल नेम्ड बीएस४'. नाही तर नाही, म्हणून मॉड्यूल आणून बसवणाऱ्या पिपला आपण सांगतो, बाबा रे, इन्स्टॉल कर. पिप उत्तर देतो, 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. आधीच आहे! एकाच मशीनवर, एकाच काळ्या खिडकीत, चार ओळींच्या अंतरावर एक जण आहे म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. आणि दोघंही खरं बोलत असतात.

हे कसं, ते कळायला 'इम्पोर्ट' म्हटल्यावर आत काय होतं ते बघावं लागतं. समजा, आपल्याला 'बुक्स टू स्क्रेप' या साइटवरून पुस्तकांची नावं आणि किमती घ्यायच्या आहेत. ही साइट खास सरावासाठीच बनवलेली आहे. दुकान लुटुपुटूचं, पण त्यात पुस्तकं पुरती १,०००. प्रोग्रॅमच्या पहिल्या दोन ओळी दोन मदतनीस मागवतात. रिक्वेस्ट्स पान आणून देतं, ब्यूटिफुल सूप त्या पानातल्या टॅगांच्या गुंत्यातून हवं ते वेचतं. ओळ वाचली की पायथन आधी आपल्याच स्मरणात डोकावतो : हे मॉड्यूल या खेपेला आधी घेतलंय का? नसेल तर ते माझ्या पोटात जन्मापासूनच आहे का, हे पाहतो. तिथंही नसेल तर एक यादी काढतो आणि त्या यादीतले फोल्डर एकामागून एक, वरून खाली, उघडून बघतो. शेवटच्या फोल्डरपर्यंत नाव दिसलं नाही की हात वर. एवढंच. अख्खी डिस्क तो कधीच धुंडाळत नाही. 'नो मॉड्यूल' याचा अर्थ 'तुझ्या कॉम्प्युटरवर नाही' असा नसून 'मला दिलेल्या यादीत नाही' असा आहे.

ही यादी लपवलेली नाही, हे मला या सगळ्यात फार आवडतं. सिस नावाचं मॉड्यूल घ्या, 'सिस डॉट पाथ' छापायला सांगा, आणि यादी समोर येते. सगळ्यात वर आपला प्रोग्रॅम ज्या फोल्डरात ठेवलाय तो. त्याखाली बऱ्याचदा एका झिप फाइलचा पत्ता असतो, आणि तिथं जाऊन पाहावं तर बहुतेक मशीनांवर अशी फाइलच नसते! कुणी सगळं स्टँडर्ड सामान एका झिपमध्ये बांधून दिलंच, तर सोय असावी म्हणून ती जागा राखून ठेवलेली. मग पायथनसोबत येणाऱ्या सामानाचे फोल्डर आणि अगदी तळाशी 'साइट-पॅकेजेस'. पिपने आणलेला माल ठेवायची जागा ती.

आता मघाचं भांडण. एका लॅपटॉपवर सहसा एक पायथन नसतो. एक ऑपरेटिंग सिस्टिमचा, एक आपण उतरवून घेतलेला, एक अ‍ॅनाकोंडासोबत आलेला, एखादा जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरात झोपलेला. प्रत्येकाची यादी वेगळी, साइट-पॅकेजेस वेगळं. नुसतं 'पिप' म्हटलं की हाकेला येणारा पिप यांतल्या एकाचा, आणि प्रोग्रॅम चालवणारा पायथन दुसराच. पहिल्याच्या घरात माल आहे, दुसऱ्याच्या घरात नाही. अशा वेळी लोक काढून टाकतात, पुन्हा टाकतात, मशीन बंद करून चालू करतात. माझ्या मते हा निव्वळ वेळेचा अपव्यय. आधी विचारावं, बोलतोय कोण? 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापलं की चालू असलेल्या पायथनचा पूर्ण पत्ता मिळतो. मग त्याच पायथनला सांगावं, तुझाच पिप चालव : 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल', आणि पुढे पॅकेजचं नाव. या 'डॅश एम'मुळे निम्मी प्रकरणं जागच्या जागी मिटतात. ज्युपिटर नोटबुकात हेच काम पिपच्या आधी टक्क्याचं चिन्ह लावून होतं. व्हीएस कोडमध्ये कोणता पायथन निवडलाय ते खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

उरलेल्या प्रकरणांत बरीच नावांची असतात. पॅकेजचं भांडार पीवायपीआय, त्यात ५ लाखांहून जास्त पॅकेजं, आणि तिथलं नाव नि प्रोग्रॅममध्ये लिहायचं नाव एकच असावं असा काही नियम नाही. आपल्याकडे रेशनकार्डावर एक नाव असतं आणि गल्लीत हाक मारायला दुसरं, तसलाच प्रकार. भांडारात 'ब्यूटिफुलसूप४', प्रोग्रॅममध्ये 'बीएस४'. 'पिलो' मागवा, पण इम्पोर्ट करा 'पीआयएल'. 'ओपनसीव्ही-पायथन' मागवा, हाक मारा 'सीव्ही२'. सूपच्या बाबतीत याला कारण आहे. लिओनार्ड रिचर्डसन यांनी ते २००४ मध्ये लोकांपुढे आणलं. चौथी आवृत्ती आली तेव्हा तिसरीवर चालणारे कितीतरी प्रोग्रॅम जगात होते. नव्याचं नाव वेगळं असल्यामुळे दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदू शकले.

यादीत आपला फोल्डर सगळ्यात वर असण्यातून एक भन्नाट घोळ होतो. सूपचा सराव करतोय म्हणून कुणी आपल्या फाइलचं नावच बीएस४ ठेवतं. प्रोग्रॅम बीएस४ मागतो, पायथन वरून शोधायला लागतो, आणि पहिल्याच फोल्डरात त्याला बीएस४ सापडतं : तीच फाइल! प्रोग्रॅम स्वतःलाच इम्पोर्ट करतो, अर्धवट वाचलेल्या स्वतःकडे सूप मागतो आणि अडकतो. तेव्हा येणारी एरर 'अर्धवट तयार झालेल्या मॉड्यूलमधून हे नाव घेता येत नाही' अशा अर्थाची असते. बिचारा नवशिक्या खरं सूप चार वेळा इन्स्टॉल करतो. पण शोध तिथवर पोचतच नाही. २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ पासून एररमध्ये सल्लाही येऊ लागला आहे, की तुमच्या फाइलचं नाव बदलून बघा. फार उशिरा सुचलं म्हणायचं, पण सुचलं.

प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःची वेगळी यादी द्यायची सोय २०१२ पासून, पायथन ३.३ मध्ये, 'व्हीईएनव्ही' या नावाने आहे. ती वापरावी, एवढंच म्हणतो. उबुंटू आणि डेबियनच्या अलीकडच्या आवृत्त्या तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही घालूच देत नाहीत, कारण खुद्द सिस्टिमची कित्येक कामं त्या पायथनवर चालतात. तरी हट्टच असेल तर एक पर्याय ठेवलाय. त्याचं नाव 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस'. इतकं सरळ नाव दिलेलं बटण मी दुसरं पाहिलेलं नाही.

कधी मॉड्यूलची अनुपस्थिती वेगळ्याच वेशात येते. सूप सापडतं, पण पान वाचायला 'एलएक्सएमएल' हवं असं आपण लिहिलेलं असतं आणि ते मशीनवर नसतं. मग एरर येते 'फीचरनॉटफाउंड'. एलएक्सएमएल टाका, किंवा पायथनसोबत येणाऱ्या 'एचटीएमएल डॉट पार्सर'वर भागवा. सरावाला तो पुरतो. ब्राउझर चालवून पानं उघडणाऱ्या प्लेराइटचं आणखी वेगळं : मॉड्यूल आलेलं असतं, पण त्याने चालवायचा ब्राउझर 'प्लेराइट इन्स्टॉल' म्हणून स्वतंत्र मागवावा लागतो.

एररमधलं नाव जसंच्या तसं पिपला देण्याआधी मात्र थांबावं. पिप तुम्हाला काय हवं होतं ते विचारत नाही, तुम्ही टाइप केलेलं आणतो. २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेला पीवायपीआयवर दहा बनावट पॅकेजं आढळली. त्यांतलं एक 'यूआरएलआयबी३' : खऱ्या नावात एल दोनदा येतो, यात एकदाच. आत खऱ्या पॅकेजचाच कोड, त्यामुळे काम बिनबोभाट चाले; फक्त इन्स्टॉल होताना वापरणाऱ्याचं आणि मशीनचं नाव गुपचूप बाहेर पाठवलं जाई. पण ती चोरटी ओळ जुन्या पायथन २ साठी लिहिलेली होती. पायथन ३ वर ती एरर देई, आणि ही एरर कुठून येते म्हणून खोदत गेलेल्यांच्या हाती ती लागली.